ऑपवाल्या जेटला कसं हलवलं: असेंटवरच्या एका हाफची पूर्ण केस

पुण्यातल्या कॅफेंमध्ये व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच शूटर गेमची कस्टम (आपापसातली) मॅच लावायची म्हटली की हल्ली कोणीतरी हमखास म्हणतंच, ऑप बंद ठेवा नाहीतर आम्ही नाही खेळत. ऑप म्हणजे ऑपरेटर, गेममधली सगळ्यात महागडी स्नायपर. पोरांचं म्हणणं असं की एक जण कोपऱ्यात स्कोप लावून बसतो, एका गोळीत माणूस उडतो, मग बाकीच्यांनी करायचं काय. मला ही मागणीच पटत नाही. त्या बंदुकीत तिच्या ताकदीएवढ्याच मोठ्या कमजोऱ्या आहेत, आणि त्या काही लपवून ठेवलेल्या नाहीत, आकड्यांमध्ये सरळ लिहिलेल्या आहेत. अडचण ही की समोर ऑप दिसला की पोरं त्या कमजोरीवर जायचं सोडून थेट त्याच्या ताकदीवर जाऊन आपटतात. खाली जी मॅच लिहितोय त्यात हे दोन्ही एकाच हाफमध्ये झालं, आधी आपटणं आणि मग हलवणं, म्हणून ही केस नीट लिहून ठेवतोय.

आधी बंदुकीबद्दल, कारण हे माहीत नसेल तर पुढचं काहीच लागणार नाही. ऑपरेटरची गोळी अंगावर १५० डॅमेज देते, डोक्यावर २५५, पायावर १२०. आपल्याकडे १०० हेल्थ आणि हेवी शील्ड, म्हणजे जड चिलखत, घेतलं तर वर ५०, म्हणजे पूर्ण तयारीनिशी आलेला माणूस बरोब्बर १५० वर उभा असतो आणि छातीत एक गोळी लागली की संपला. अंतर कितीही असो, डॅमेज कमी होत नाही. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. आता दुसरी बाजू. किंमत ४७०० क्रेडिट (गेममधले पैसे), त्यावर हेवी शील्डचे १००० धरले की ५७००, तेही पात्राच्या खास करामती, म्हणजे अ‍ॅबिलिटी सोडून. मॅगझिनमध्ये ५ गोळ्या. फायर रेट सेकंदाला ०.६, म्हणजे एक गोळी सुटली की दुसरी सुटायला जवळपास १.६७ सेकंद. बंदूक हातात घेऊन तयार व्हायला दीड सेकंद. स्कोप २.५ पट आणि ५ पट, त्यामुळे स्कोपमध्ये असताना आजूबाजूचं फार थोडं दिसतं. स्कोप न लावता मारली तर गोळी कुठे जाईल सांगता येत नाही, आणि हलता हलता मारली तरी तेच.

यातले बरेच आकडे मुद्दाम वाईट केलेले आहेत हेही लक्षात घ्या. जून २०२० ला गेम आला तेव्हा ऑप ४५०० ला मिळायचा आणि फायर रेट ०.७५ होता, म्हणजे दोन गोळ्यांत १.३३ सेकंद. ऑक्टोबर २०२० च्या १.०९ पॅचमध्ये (अपडेटमध्ये) गेम बनवणाऱ्या रायटनं किंमत ५००० केली, फायर रेट ०.६ वर आणला, हातात घ्यायचा वेळ सव्वा सेकंदाचा दीड केला, पायाचा डॅमेज १२७ वरून १२० केला आणि स्कोपमधली चाल पण मंद केली. किंमत पुढे ४७०० वर आली, बाकीचं तसंच राहिलं. म्हणजे दोन गोळ्यांमधला जो एक तृतीयांश सेकंद वाढला तो बनवणाऱ्यांनी आपल्या हातात आणून दिलाय. तो वापरायचा का नाही हे आपल्यावर.

आता मॅच. कर्वे रोडच्या आतल्या बाजूच्या एका कॅफेतली पाच पोरं, सगळी कॉलेजची, मी त्यांच्याबरोबर बऱ्याच संध्याकाळी मागे उभा राहून बघत असतो, कॉलआउट (कोण कुठे आहे ते सांगणं) आणि टाइमआउटचं काम माझ्याकडे असतं. समोर निगडीकडची टीम, वयानं थोडी मोठी, आणि त्यांच्यात एक पोरगा जेट नावाचं पात्र घेऊन ऑपच खेळतो, दुसरं काही खेळतच नाही. चांगला आहे, खरंच चांगला आहे, उगीच कमी लेखायचं कारण नाही. मॅप पडला असेंट. आमच्या पोरांना लोटस हवा होता, तो पश्चिम घाटातला दाखवलाय म्हणून आपल्याकडच्या पोरांचा त्यावर जरा जास्तच जीव, पण असेंटचं एका अर्थी बरं झालं कारण ऑपसाठी लांबलचक सरळ रेषा तिथे भरपूर आहेत, ए मेन, मिड, बी मेन या वाटा, सगळीकडे. सर्व्हर मुंबईचा, दोन्ही टीम पुण्यातूनच खेळत होत्या, त्यामुळे पिंगचं (नेट मंद असल्याचं) रडगाणं कोणाकडेच नव्हतं.

आमचा पहिला हाफ, म्हणजे पहिले बारा राउंड, अटॅकचा: स्पाइक (बॉम्ब) ए किंवा बी साइटवर नेऊन लावायचा. आमची पात्रं ओमेन, सोव्हा, केओ, किलजॉय आणि एंट्रीला, म्हणजे आधी आत घुसायला, रेझ. पिस्तुल राउंड (नुसत्या पिस्तुलांवरचा पहिला राउंड) गेला, दुसरा गेला, तिसरा पण गेला. त्यात ऑपचा काही संबंध नाही, समोरच्यांनी नीट खेळून घेतले. पण तीन राउंड सलग जिंकल्यावर त्यांच्या जेटकडे पैसे जमले आणि चौथ्याला ऑप आला.

चौथ्या राउंडला आमची रेझ ए मेनमधून बाहेर डोकावली आणि वरून, हेवन नावाच्या उंच जागेवरून, एका गोळीत गेली. दोनेक सेकंद गेले, मग किलजॉयनं डोकावलं, तो पण गेला. मग सोव्हा "मी घेतो त्याला" म्हणत बाहेर आला, पायात गोळी लागली आणि ५ हेल्थवर वाचला, कारण त्यानं लाइट शील्ड घेतलं होतं आणि १२५ मधून १२० गेले. त्या ५ चं पुढे काय झालं ते सांगायला नको. पाचवा राउंड आम्ही घेतला, बीवर पळत गेलो, जेट मिडला अडकली होती, स्पाइक फुटला आणि ती ऑप घेऊन लांब जाऊन बसली. इथे एक बारीक गोष्ट, जी त्या वेळी आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात नव्हती. डिफेंडर असा स्पाइक फुटल्यावर जिवंत राहिला तर त्याला हरण्याचा नेहमीचा बोनस मिळत नाही, फक्त १००० मिळतात. म्हणजे ऑप वाचवणं फुकट नसतं, त्याचेही पैसे कापले जातात. सहाव्याला ओमेननं मिड टॉपवर नुसतंच डोकं काढलं आणि ऑपनं त्याला घेतलं, राउंड गेला. सातव्याला आमच्याकडे पैसेच नव्हते, पिस्तुलांवर काढला, तोही गेला. १-६.

मी टाइमआउट घेतला. खुर्च्यांवरचं वातावरण गरम होतं. रेझवाला म्हणाला, "दादा तो सोडतच नाहीये, डोकं काढलं की गेलं." किलजॉयवाला म्हणाला पुढच्या वेळी ऑप बंद सांगूया. मी विचारलं, रेझ पडल्यावर तू किती वेळानं बाहेर आलास? तो म्हणाला लगेच. लगेच नव्हतं ते.

मॅच संपल्यावर त्यांच्या कॅप्टननं मोठ्या मनानं त्यांच्याकडचं स्क्रीन रेकॉर्डिंग दिलं (पुण्यातली ही कस्टमवाली मंडळी या बाबतीत फार सरळ आहेत, मागितलं की देतात), त्यात मी फ्रेम मोजून बघितलं. रेकॉर्डिंग सेकंदाला ६० फ्रेमचं. ऑपच्या दोन गोळ्यांमधले १.६७ सेकंद म्हणजे बरोबर १०० फ्रेम. आमची रेझ पडल्यापासून किलजॉय दिसेपर्यंत १४० च्या आसपास फ्रेम गेले होते. म्हणजे समोरच्यानं गोळी मारली, बोल्ट ओढला, पुन्हा स्कोप लावला, नेम तिथेच ठेवला, थोडा श्वास घेतला आणि मग आमचा पोरगा त्याच्या नेमात चालत आला. किलजॉय ८०-९० फ्रेममध्ये बाहेर आला असता तर समोर नुसती रिकामी बंदूक होती. जिवंत माणसाच्या डोक्यात "लगेच" म्हणजे जे वाटतं ते ऑपपुढे सगळ्यात वाईट वेळ असते, कारण मेलेल्या मित्राचं बघायचं, शिवी द्यायची, कीबोर्डवर हात सावरायचा आणि मग रागानं बाहेर पडायचं, या सगळ्याला दोन-सव्वादोन सेकंद लागतातच. दुसरी गोळी तोवर तयार होऊन वाट बघत असते.

टाइमआउट एका मिनिटाचा असतो, त्यामुळे तेव्हा हे एवढं मोजून सांगायचा प्रश्नच नव्हता. मी एवढंच सांगितलं की त्याच्याशी बंदुकीनं भांडू नका, आधी त्याची गोळी काढून घ्या, मग दोघं एकत्र बाहेर पडा. गोळीचा आवाज आला की जायचं, मेलेल्याकडे बघून जायचं नाही. आणि केओला सांगितलं की सुरी त्याच्यासाठीच राखून ठेव.

केओच्या सुरीचं कारण समजून घ्या. जेट आणि ऑप ही जोडी इतकी गाजली कारण ऑपची सगळ्यात मोठी कमजोरी, म्हणजे गोळी चुकली किंवा मारली की मधल्या वेळात तू उघडा पडतोस, ती जेटचा डॅश झाकतो. गोळी मारायची आणि फुर्रकन निघून जायचं. एप्रिल २०२२ मध्ये ४.०८ पॅचनं हा डॅश आधी चालू करून ठेवावा लागेल असा केला आणि आता तो चालू केल्यावर साडेसात सेकंदच टिकतो, तरीसुद्धा चांगल्या हातात तो पुरतो. केओची सुरी फेकून जवळ रुतली की तिच्या टप्प्यात जो असेल त्याच्या अ‍ॅबिलिटी ८ सेकंद बंद. डॅश बंद झाला की ऑपवाली जेट म्हणजे एक मंद, एका गोळीची, मध्ये पावणेदोन सेकंद हात बांधलेली खेळाडू. तेव्हा सुरी साइटवर कुठेतरी मारण्यात काही अर्थ नाही, ती ऑप जिथे उभा आहे तिथेच मारायची.

आठवा राउंड. आम्ही सहावा हरून १९००, सातवा हरून २४००, म्हणजे ४३०० हातात, त्यात व्हँडल रायफल २९००, हेवी शील्ड १००० आणि वर अ‍ॅबिलिटीला जेमतेम ४००. एवढंच. पुन्हा ए. सोव्हानं ए लॉबीतून ड्रोन सोडला आणि तो ए मेनमधून हळूहळू पुढे नेला, मागे रेझ आणि केओ भिंतीला चिकटून. ड्रोन बाहेर आला, आणि धडाम, त्यांच्या जेटनं सवयीनं ड्रोनवरच गोळी घातली. ऑपचा आवाज मॅपभर ऐकू जातो, लपत नाही. केओवाला इतक्या जोरात "गेली, गेली गोळी" ओरडला की शेजारच्या पीसीवरच्या माणसानं हेडफोन काढून बघितलं. ओमेनचा स्मोक (धुराचा पडदा) झाडाच्या बाजूला पडला होता, सुरी हेवनखाली लागली होती, रेझ रुंद वळण घेऊन बाहेर पडली आणि जेट अजून बोल्टवरच होती, डॅश दाबून बघितला असणार पण बंद. मेली. ऑप खाली पडला. मग साइट घ्यायला फार काही करावं लागलं नाही, स्पाइक लावला, साइट परत घ्यायला (रिटेकला) त्यांचे तिघं आले, दोन स्मोकमध्येच गेले.

रुंद वळणाबद्दल एक वाक्य, कारण पोरं यात सतत गोंधळतात. ऑपवाला नेम भिंतीच्या कडेला जवळ चिकटवून ठेवतो, कारण बहुतेक लोक थोडंसं डोकं काढतात. थोडं डोकं काढलं की तू बरोबर त्याच्या नेमात. रुंद, वेगानं बाहेर पडलास की त्याला नेम ओढावा लागतो, आणि नेटवर्कमुळे बाहेर पडणाऱ्याला समोरचा किंचित आधी दिसतो हेही आपल्या बाजूला येतं. सर्व्हर १२८ टिकचे (सेकंदाला १२८ वेळा ताजे होणारे) असल्यामुळे हा फरक बारीक आहे पण ऑपसारख्या एका गोळीच्या खेळात बारीक फरकही पुरतो. एकट्यानं रुंद गेलास तर पन्नास टक्के मरशील, दोघं गेले तर एकच मरेल, आणि मघाचे १०० फ्रेम दुसऱ्याच्या खात्यात.

नववा मला सगळ्यात जास्त आवडला. जेटकडे पैसे होते, तिनं परत ऑप घेतला. पण आठव्यावरून तो पोरगा शिकला होता, ड्रोनवर गोळी मारायची नाही हे त्यानं ठरवलेलं दिसत होतं. या वेळी ड्रोन बाहेर आला आणि गोळी आली नाही. मग सोव्हावाल्यानं ड्रोनमधून डार्ट मारला आणि तो लागला, जेट भिंतीआडून सगळ्यांना दिसायला लागली. ही खरी मजा. ड्रोन फोडला तर गोळी जाते, नाही फोडला तर डार्ट लागतो, आणि दोन्हीत ऑप हरतो. तो जागा बदलायला लागला, स्कोपमधून बाहेर आला, डॅश वापरून जनरेटरच्या मागे गेला, तिथे ऑप परत सावरायच्या आत रेझचा सॅचेल (उडी मारायला वापरायचा स्फोटक) मारून उडी आणि वरून गोळ्या. हवेत अशा वेगानं येणाऱ्या माणसाला ऑपनं मारणं भल्याभल्यांना जमत नाही. त्याला जमलं नाही.

इथे पैशांचा हिशोब बघा, कारण माझ्या मते या बंदुकीची सगळ्यात खोल जखम इथे आहे आणि कॅफेत कोणी त्याबद्दल बोलत नाही. रेकॉर्डिंगवरून दिसलं की आठव्याच्या शेवटी जेटकडे साधारण ७००० होते, हरण्याचे १९०० आले, म्हणजे ८९०० च्या घरात. (९००० च्या वर गेम ठेवूच देत नाही.) नवव्याला ऑप, हेवी शील्ड, थोड्या अ‍ॅबिलिटी मिळून ६२०० गेले. उरले २७००. नववा हरल्यावर २४०० आले, म्हणजे ५१००. आता पाच हजार शंभरात ऑप आणि लाइट शील्ड एवढंच बसतं, स्मोकला एक पैसा नाही. आणि दहाव्याला त्यानं तेच घेतलं. दोन राउंड मरण्याची किंमत बघा, एखाद्या व्हँडलवाल्याचे दोन राउंडचे ७८०० जातात शील्डसकट, याचे ११,४००, आणि वरून प्रत्येक वेळी बंदूक जमिनीवर पडली की आमच्यापैकी कोणीतरी उचलू शकतो. आम्ही आठव्यात उचललीही होती, पण नवव्यात ती ओमेनवाल्यानं घेऊन काही केलं नाही, मी म्हटलं ठेवून दे, व्हँडल घे, तुला सवय नाहीये. पडलेला ऑप उचललाच पाहिजे असं काही नाही, त्यांच्याकडे परत जाणार नाही एवढं बघितलं तरी बास.

दहावा राउंड आम्ही हरलो, आणि हाच राउंड प्रत्येकानं दोनदा वाचावा असं मला वाटतं. लाइट शील्डची, स्मोक नसलेली जेट, तरी हरलो. का, तर त्यांनी ऑपला एकटं सोडलं नाही. जेट बी साइटच्या मागच्या बाजूला बी मेनवर नेम लावून, आणि तिच्या बाजूला पाच पावलांवर एक जण फँटम रायफल घेऊन, फक्त ऑपच्या गोळीनंतर जो बाहेर येईल त्याला मारायला. आमचं ठरलेलंच काम आम्ही केलं, गोळी काढली, आवाजावर दोघं बाहेर आले, आणि फँटमनं दोघांना झोपवलं. म्हणजे ऑपची कमजोरी भरून काढायला बंदूक नाही, माणूस लागतो. चांगल्या टीम हेच करतात. मग त्याची किंमत अशी की एका जागेवर दोन माणसं अडकली आणि मॅपच्या बाकी भागात तिघंच उरले, हे आमच्या पोरांना राउंड हरल्यावर लगेच दिसलं, मला काही सांगावं लागलं नाही. ओमेनवाला म्हणाला, "ते दोघं बीला आहेत ना, मग आपण तिकडे जाऊच नको."

अकराव्याला तेच केलं, फक्त उलट दिशेनं. केओ आणि किलजॉयनं ए मेनमध्ये आवाज करून जेटला हेवनकडे खेचलं, मिड ओमेनच्या स्मोकनं बंद, आणि बाकी तिघं बी मेनमधून, मागोमाग ते दोघंही. जेट ए साइटवरून पळत आली, आणि पळताना सगळे सुरी (केओची नव्हे, सगळ्यांकडे असते ती साधी) हातात घेतात कारण ऑप धरून चाल मंद पडते, पण सुरी धरली की पोचल्यावर ऑप हातात यायला परत दीड सेकंद. स्पाइक लागलेला, त्याचे ४५ सेकंद चालू, समोर स्मोक, जवळचे कोपरे. रिटेकला ऑप म्हणजे अक्षरशः अरुंद बोळात बांबूची शिडी घेऊन वळण्यासारखं आहे. तिनं किलजॉयला पायात मारलं, हेवी शील्ड होतं म्हणून १५० मधून १२० गेले आणि ३० वर तो वाचला, वळला, आणि तिला घेतलं. चौथ्या राउंडला ५ हेल्थवर वाचलेल्याचा काही उपयोग झाला नव्हता, इथे ३० वर वाचलेल्यानं राउंड काढला. ऑपपुढे शील्डचा फरक अंगावरच्या गोळीला काहीच पडत नाही, १५० दोन्हीला पुरतात, फरक पडतो तो फक्त पायावर.

बाराव्याला तिच्याकडे ३९०० च्या आसपास, ऑप येणार नव्हता आणि आला नाही. हातात व्हँडल, आणि तो पोरगा व्हँडलवर तितका सराव करत नाही हे लगेच दिसलं. पाचातले चार राउंड आमचे, हाफला ५-७.

दुसऱ्या हाफबद्दल लांबण लावत नाही. तेरावा, चौदावा आम्ही हरलो, पिस्तुल आणि त्याच्या पुढचा, मग वर आलो, शेवटी ११-१३ नं मॅच गेली. पोरं नाराज होती पण मॅच ऑपमुळे गेली नाही, दोन पिस्तुल राउंड हरलो म्हणून गेली, आणि सुरुवातीच्या १-६ मधून परत यायला फार उशीर झाला. अटॅकला ऑप घेऊन त्यांनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा फार काही झालं नाही. अटॅकवाल्याला वेळेचं बंधन असतं, १०० सेकंदात स्पाइक लावायचा, तेव्हा बसून वाट बघणारी बंदूक त्याच्या कामाची फारशी नाही. आमच्या एकाला डिफेन्सला ऑप घ्यायचा होता, मी नको म्हटलं कारण शेजारी उभं राहायला दुसरा कोणी तयार नव्हता, आणि एकटा ऑप काय होतो ते आम्ही नुकतंच दाखवलं होतं.

नंतर चहाला दोन्ही टीम एकत्रच बसल्या, तिथे त्या जेटवाल्याशी जरा बोललो. शहाणा पोरगा. त्याचं म्हणणं असं की समोरचा सोव्हा-केओ घेऊन आला की त्याला पहिल्या तीस सेकंदांत पुढे जाऊन एक गोळी मारून परत यायला आवडतं, म्हणजे ड्रोन यायच्या आधीच काम उरकायचं. हे खरंय आणि यावर आमच्याकडे अजून चांगलं उत्तर नाही. राउंड सुरू झाल्या झाल्या मेनमध्ये तो पुढे आला तर ड्रोन वाया जातो. माझं मत असं की अशा वेळी पहिले पंधरा-वीस सेकंद मेनच्या तोंडाशी कोणी उभंच राहू नये, त्याला रिकाम्या भिंतीकडे बघत बसू द्यावं, डॅश चालू केला असेल तर साडेसात सेकंद जाऊ द्यावेत, आणि ओमेनचा एक स्मोक १५ सेकंदांसाठी त्याच्या तोंडावर टाकावा. तो स्मोकमधून अंदाजे मारेल, मारू दे, मॅगझिनमध्ये पाचच आहेत आणि रिलोडला पावणेचार सेकंदांच्या आसपास लागतात. किलजॉयवाला म्हणतो त्यापेक्षा मेनमध्ये टरेट (आपोआप गोळ्या मारणारी छोटी तोफ) लावून ठेवू, तो फोडायला त्याला गोळी घालावीच लागेल. हे पण करून बघण्यासारखं आहे, टरेट स्वस्त नाही वेळेच्या दृष्टीनं पण गोळी काढायचं काम तो करेल.

सरावाचं ठरलंय ते असं. कस्टम लॉबी, चीट चालू, अनंत गोळ्या बंद. एक जण हेवनमध्ये ऑप घेऊन, दोघं ए मेनमध्ये. पहिला बाहेर पडतो, गोळीचा आवाज आला की दुसरा बाहेर, मध्ये एक शब्द बोलायचा नाही. मागे मी रेकॉर्डिंग चालू ठेवतो आणि दर वेळी फ्रेम मोजून सांगतो. ९० च्या आत आला तर पास. सध्या रेझ आणि केओची जोडी त्याच्या आत येते, किलजॉय अजून ११०-११५ वर आहे, तो मित्र पडला की त्याच्याकडे बघतो, ती सवय आधी काढायचीय. मग ऑपवाल्याच्या शेजारी फँटमवाला उभा करून तेच परत, कारण निगडीची टीम पुढच्या वेळी पहिल्या राउंडपासूनच तसं खेळणार यात मला शंका नाही.